सारवलेली जीप

चारचौघांत मोठ्या आवाजात बोलायचा प्रसंग हिंमतरावांवर आयुष्यात फारसा आला नाही. जो एक आला, त्यात ते चुकीचं बोलले. बोलले तेव्हा ते चुकीचं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच काय ते त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. पण ठाऊक झाल्यावरही ते गप्प राहिले, आणि ही गोष्ट त्या गप्प राहण्याची आहे.

बुलढाण्याकडच्या धाड गावाहून आत वळणारा रस्ता त्या काळी पावसाळ्यात रस्ता राहतच नसे. महाराष्ट्र राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती, डांबर बुलढाण्याहून निघून मोठ्या गावांपर्यंत पोहोचलं होतं. आतल्या गावांना चिखल तो चिखलच. अशा गावात हिंमतरावांनी जीप आणली. पलटणीच्या लिलावात निघालेली, दारं नसलेली, हिरवट रंगाची. चारही चाकांना जोर लावून ती चिखलातून वर निघाली की बघणारे म्हणायचे, “हे यंत्र नाई बाप्पा, रेडा हाय.”

ती चालवायला पुंजाजी होता. घरची थोडीशी शेती, तरुणपणी खामगावकडे ट्रकवर काढलेली काही वर्षं, आणि बोलणं कमी. हिंमतरावांचंही बोलणं कमीच. दोघं बुलढाण्यापर्यंत जाऊन परत यायचे आणि वाटेत ‘समोर गाय हाय’ यापलीकडे शब्द नसायचा. पण दोघांचंही त्यात काही बिघडत नसे.

जीप घेतली शेतीच्या कामासाठी, पण गावानं तिला दुसरंच काम लावलं. एका पावसाळ्यात एक पहिलटकरीण अडली. बैलगाडी निघणं शक्य नव्हतं. सुईण बनाबाई हिंमतरावांच्या ओसरीसमोर उभी राहून ओरडली, “दादा, तुमचा तो रेडा काय नुसता पुजाले आनला का?” पुंजाजीनं जीप काढली, बाई दवाखान्यात पोचली, सुखरूप सुटली. तेव्हापासून अडलेली बाळंतीण म्हणजे हिंमतरावांची जीप, असं ठरूनच गेलं.

मग नवरात्र आलं आणि पेच पडला. घरच्या आणि शेजारच्या बायांना देवीला जायचं होतं. जीप दारात उभी. पण एकही बाई चढेना. ज्या गाडीत बाळंतीण बसली, जिच्यात कुठंकुठं काय सांडलं, त्या गाडीत ओटी घेऊन कसं बसायचं? सोवळ्याची लुगडी नेसलेल्या बाया उन्हात उभ्या राहिल्या. एकजण तर म्हणालीसुद्धा, “दादा, एक काय ते ठरवा. बाळंतिणी तरी न्या, नाई तं देवीले तरी न्या.”

तोड काढली ती हिंमतरावांच्या आईनं. रुक्मिणीबाई सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, पण डोकं ताठ. त्या म्हणाल्या, “घरात बाई बाळंत होते, मंग घर सोडून जातो का आपन? जमीन सारवली का घर शुद्ध. तशी जीपचीबी जमीन सारवा.” आणि त्यांनी शेणकाल्याची बादली आणून स्वतःच्या हातानं जीपचा तळ सारवला. पायदानावर बोटांनी रेघा ओढल्या, वर हळदीकुंकू वाहिलं. बाया हसल्या, पण चढल्या. तेव्हापासून दर बाळंतिणीनंतर जीप सारवली जाऊ लागली.

हिंमतरावांना ही तोड फार आवडली. इतकी, की त्यांनी तिच्यात स्वतःची भर घातली. जीपच्या तळाला पाणी वाहून जायला भोकं होती. त्यातून शेणकाला खाली गळायचा आणि रुक्मिणीबाई कुरकुरायच्या. हिंमतरावांनी बाभळीच्या खुंट्या तासल्या आणि ती भोकं हातोडीनं ठोकून घट्ट बुजवली. सारवण बसणाऱ्यांच्या पायाला लागू नये म्हणून खामगावहून रबरी चटई आणून वर अंथरली. काम झाल्यावर ते जीपभोवती फिरून बघत राहिले. हातानं केलेल्या कामाचा असा आनंद त्यांना क्वचितच मिळाला होता.

पुढं काही पावसाळे गेले. जीप आजूबाजूच्या गावांनाही माहीत झाली.

आणि एका भाद्रपदात, अशाच एका बाळंतिणीला नेताना, नाल्याच्या उतारावर गचका बसला आणि बनाबाईच्या पायाखालचा पत्रा फाटला. तिचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. फाटक्या पत्र्यानं पोटरी सोलून निघाली. पुंजाजीनं ब्रेक दाबला, पाय वर काढला, बनाबाईनं लुगड्याचा काठ फाडून बांधला आणि वर त्यालाच दटावलं, “माह्याकडं काय पाहतं बे? चाल! इचं पोर थांबत नाई आता.” बाळंतीण पोचली, मुलगी झाली. बनाबाईच्या पायाला दवाखान्यात टाके पडले.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांच्या ओसरीसमोर गाव जमलं. जीप मधोमध उभी, आणि तिच्या तळातल्या भगदाडातून खालची माती दिसत होती. लोक वाकून वाकून बघत होते. ‘दुसरा पाय गेला असता तं?’, ‘बाळंतीणच घसरली असती तं?’ अशी बोलणी चालली होती. हिंमतराव उपरण्याचं टोक चाळवत उभे होते आणि आतून शरमेनं जळत होते. इतक्यात गर्दीतून कोणी म्हणालं, “श्रावणात म्या या जीपमधी मिठाची पोती पाह्यली होती. पानी गळत होतं त्यातून.”

मीठ लोखंड खातं, हे लहान पोरालाही ठाऊक. सगळे पुंजाजीकडे वळले.

“मीठ वाह्यलं का तू जीपमधी?” हिंमतरावांनी विचारलं.

पुंजाजीनं मान खाली घातली. “वाह्यलं, दादा. एक खेप. मेहकरहून तुमच्या ताईले आनाले पाठवलं होतं न तुम्ही, तवा. जीप रिकामीच जात होती. दुसरबीडले माह्या साळ्याचं दुकान हाय, त्याच्यासाठी.”

“मले इचारलं होतं?”

“नाई, दादा.”

आणि हिंमतराव बोलले. ज्याची ज्याची त्यांना लाज वाटत होती, ते सगळं मोठ्या आवाजात पुंजाजीच्या अंगावर टाकलं. “बाईचा जीव गेला असता म्हनजे? गावाच्या लेकीबाळी इच्यात बसतात, अन तू साळ्याचं दुकान चालोतं? खाल्ल्या घरचं लोखंड खाल्लं तू! ठेव किल्ली. पुन्हा या दारात दिसू नको!”

पुंजाजीनं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि गेला. लोकांना ते पटलं. गरीब वाटणारा माणूस वेळेला कसा खणखणीत बोलतो, असं त्या दिवशी हिंमतरावांबद्दल म्हटलं गेलं, आणि खोटं कशाला सांगा, हिंमतरावांना ते ऐकून बरंही वाटलं.

पाऊस उघडल्यावर त्यांनी जीप स्वतः हाकत, दर वळणावर घाम पुसत, चिखलीला गफूर मिस्त्रीकडे नेली.

गफूरनं चटई उचलली आणि कपाळावर हात मारला. “या अल्ला! दादा, हे जीप हाय का चूल?”

हिंमतरावांनी सारवण्याचं सांगितलं. गफूर हसत हसत छन्नी घेऊन बसला. शेणाचे थर निघू लागले, एकाखाली एक, भाकरीच्या पापुद्र्यासारखे. कोरडे वाटणारे थर खाली ओले होते. आणि त्यांच्याखाली पत्रा नव्हताच. होता तो लालसर भुगा, बोटानं उचलला की राखेसारखा सुटणारा. पत्र्याच्या खालून तळाला आधार द्यायला आडव्या पट्ट्या असतात, त्या तर हातात आल्या. गफूरनं एका जागी, जिथं वरून हिरवा रंग शाबूत दिसत होता, तिथं नुसता अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला.

“वरून शेन, त्याच्यावर चटई,” तो म्हणाला. “वल्लावा जाईन कुठी? पत्रा बिचारा बारा महिने भिजत पडला.” मग त्याला खुंट्या सापडल्या. एक उपटून त्यानं उजेडात धरली. “अन ही खुटी कोन्या शहान्यानं ठोकली? बनवनाऱ्यानं पान्याची वाट ठेवली होती. तेबी बंद!”

हिंमतराव रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीकडे बघू लागले. तिकडं बघतच म्हणाले, “मीठ वाह्यलं होतं एक खेप. मागच्या बाजूनं ठेवली होती पोती.”

गफूर मागं गेला, छन्नी घासली. “इथं? रंग उडाला, वरवर तांबारलं. घासून देतो. एका खेपेनं काय होते दादा, पत्रा काय पापड हाय?”

हिंमतराव “हं” म्हणाले. गफूरनं पुढं बरंच सांगितलं. तळ सगळा नवा लागेल, बॉडीचे बोल्ट चॅसीला नावालाच धरून आहेत, पायदानंही गेलीत, वेळ लागेल. हिंमतरावांच्या कानांवर ते पडत होतं, पण डोळ्यांसमोर बॉनेटवर किल्ली ठेवणारा हात होता.

एसटीनं घरी परतताना त्यांनी मनाशी ठरवलं, उद्याच पुंजाजीकडे जायचं आणि सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एक विचार सुचला, आणि तो इतका चांगला वाटला की ते गेले नाहीत. विचार असा: शेणानं पत्रा सडतो हे गावाला कळलं, तर सारवणं बंद होईल. सारवणं बंद झालं, तर बाया जीपमध्ये बसणार नाहीत. मग सगळं गाव म्हणेल, बाळंतिणी नेऊ नका. एखादी बाई अडून मरेल. शिवाय आईला काय वाटेल? म्हातारपणी एवढी कंबर मोडून केलेलं काम, आणि त्यानंच बनाबाईचा पाय फाडला म्हणून सांगायचं? छे. गप्प राहणंच सगळ्यांच्या हिताचं.

या विचारात खुंट्यांचा उल्लेख कुठंच नव्हता. हे त्यांच्या लक्षात आलं ते रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर, आणि मग झोप आली नाही.

दिवाळी आली, गेली. दिवाळीत त्यांच्या घशाखाली करंजी उतरेना. रुक्मिणीबाईंनी दृष्ट काढली. शेवटी कार्तिकात, जीप दुरुस्त होऊन आल्यावर, आता टाळायला काही निमित्तच उरलं नाही तेव्हा ते पुंजाजीच्या घरी गेले.

पुंजाजी दुसऱ्याच्या शेतातून कापूस वेचून नुकताच आला होता. हिंमतरावांना दारात पाहून तो गडबडीनं उठला, घोंगडी झटकून टाकली. त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि चेहरा न दाखवता चुलीकडे वळली.

“पुंजाजी,” हिंमतराव म्हणाले, “ते जीपचं—”

“दादा, मीच येनार होतो पाय धराले,” पुंजाजी मध्येच म्हणाला. न बोलणारा माणूस बोलू लागला की त्याला थांबवता येत नाही. “पन तोंड कसं दाखवू? ते मीठ वल्लं होतं, दादा. म्या सोता पाह्यलं गळताना. म्हनलं घरी जाऊन धुवून टाकतो. घरी आलो, तं आवतीभवती कामं, राह्यलं. इसरलो. त्या इसरन्यानं बनाबाईचा पाय गेला असता. मले अजून झोपेत तिची बोंब आयकू येते.”

“अरे पन—”

“इंद्रभानले म्या सांगतलं तोंडावर.” इंद्रभान म्हणजे दुसरबीडचा साळा. “म्हनलं, तुह्या मिठानं माही इज्जत गेली. आता तुह्या उंबऱ्यावर पाय ठेवनार नाई. हिलेबी पाठवली नाई भाऊबीजेले.”

चुलीपाशी पंचफुला फुंकणीनं जोरजोरात फुंकत होती. चूल तर चांगली पेटलेली होती.

हिंमतरावांनी तोंड उघडलं. आता एकच वाक्य बोलायचं होतं. पण समोरचा माणूस स्वतःच अपराध पदरात घेऊन बसला होता. इतक्या मनापासून, की त्याच्या हातून तो काढून घ्यायचा म्हणजे त्याच्याशी झोंबाझोंबी करावी लागली असती. निदान त्या क्षणी हिंमतरावांना तसं वाटलं. आणि त्यांच्या तोंडून निघालं ते असं:

“झालं गेलं. जीप आली दुरुस्त होऊन. उद्यापासून ये.”

पुंजाजीनं खाली वाकून हिंमतरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. हिंमतराव घरी आले ते थेट न्हाणीत गेले आणि पाय धूत उभे राहिले.

आता गावात हिंमतरावांच्या मोठ्या मनाचं कौतुक सुरू झालं. पारावर, किराण्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत. “दुसरा असता तं फौजदाराकडे नेलं असतं, दादानं उलट घरी जाऊन आनलं.” बनाबाई तेवढी लंगडत लंगडत यायची आणि डोळे बारीक करून म्हणायची, “दादा, मानूस माफी देते तं तोंडावर तेज येते. तुमचं तोंड काऊन असं वाळल्या भेंडीवानी?” हिंमतराव हसल्यासारखं करायचे.

सगळ्यात अवघड होता तो पुंजाजीच. आधी तो काम करायचा. आता तो सेवा करत होता. पहाटे येऊन जीप पुसायचा. सांगितलेलं नसताना अंगण झाडायचा. आणि हिंमतराव जवळून गेले की हातातलं काम सोडून उभा राहायचा. ते उभं राहणं हिंमतरावांना सोसेना. ते मागच्या दारानं जाऊ-येऊ लागले.

पौषात पुन्हा एक बाळंतीण न्यावी लागली. सगळं सुखरूप झालं. दुपारी जीप परत आली. बनाबाई उतरली, तिच्याकडे चौकशी करायला जमलेल्या चार बाया थांबून गप्पा मारू लागल्या. संक्रांत जवळ आली होती, बायांना वाण द्यायला दुसऱ्या दिवशी धाडला जायचं होतं. रुक्मिणीबाई पदर खोचून बाहेर आल्या.

“मोठ्याबाई, तुम्ही बसा,” पुंजाजी म्हणाला. “तुमची कंबर. म्या ताजं शेन आनून ठेवलं. आज मी सारवतो.”

गफूरनं बसवलेला नवा पत्रा तांबड्या रंगात झळकत होता. पुंजाजीनं बादली खाली ठेवली, बाह्या सारल्या, आणि खिशातून काहीतरी काढून हिंमतरावांपुढे धरलं. बाभळीच्या खुंट्या. नव्या, गुळगुळीत तासलेल्या.

“मिस्त्रीनं भोकं उघडीच ठेवली, दादा. तुम्ही मांगं बुजवली होती तशाच करून आनल्या. ठोकू?”

हिंमतराव खुंट्यांकडे बघत राहिले. पुंजाजीनं होकार समजून एक खुंटी भोकावर टेकवली आणि हातोडी उचलली.

“थांब,” हिंमतराव म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की पुंजाजीला ऐकू गेला नाही. हातोडीचा एक घाव पडला.

“थांब म्हनलं न! नको ठोकू.”

बायांची बोलणी थांबली. रुक्मिणीबाईंनी विचारलं, “काऊन रे?”

“माय, पत्रा शेनानं सडला.” एकदा सुरुवात झाल्यावर थांबणं शक्य नव्हतं. “शेन वल्लं राहते, वरून म्या चटई टाकली, पान्याची वाट म्या बुजवली. चिखलीच्या मिस्त्रीनं दाखवलं. मीठ ठेवलं होतं तिथं पत्रा चांगला होता. पुंजाजीच्या मिठानं काई झालं नाई. म्या केलं ते. ह्या खुट्ट्याईनं.”

मग बनाबाईनं आपल्या पोटरीकडे पाहिलं. “म्हनजे माह्या पायात लोखंड नाई, शेन घुसलं होतं म्हना. तरीच माशा बसत होत्या.”

एक बाई फसकन हसली आणि पदरानं तोंड झाकून गप्प झाली.

हिंमतराव आईकडे बघत होते. महिनोन्महिने ज्या एका चेहऱ्याचं निमित्त करून ते गप्प बसले होते, तो चेहरा आता पडेल, याची वाट बघत होते. रुक्मिणीबाईंनी बादलीकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, जरा विचार केला.

“मंग पाट ठेवू,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“पाट. फळ्याईचा पाट करून घे सुताराकडून, जीपच्या मापाचा. तो काढून अंगनात सारवते मी, वाळला का मंग ठेव. खालचा पत्रा कोरडाच राहते. त्यात काय एवढं?” मग त्या मुलाकडे वळल्या. “मंग हे आधी काऊन नाई सांगतलं?”

इतकं सोपं होतं ते. बाया आताच पाटाच्या लांबीबद्दल बोलू लागल्या होत्या; कुणाच्या घरी जुन्या फळ्या आहेत तेही निघालं. ज्या संकटाच्या भीतीनं त्यांनी एका माणसाचं तोंड काळं होऊ दिलं, ते संकट त्यांच्या आईनं उभ्या उभ्या निकालात काढलं होतं.

पुंजाजी अजून जीपपाशी वाकलेलाच होता. तो सावकाश सरळ झाला. हातातल्या खुंट्या त्यानं एकेक करून बादलीत टाकल्या.

“माह्या घरी आले होते तुम्ही,” तो म्हणाला. “तवा ठाऊक होतं?”

बनाबाईनं बायांना खूण केली. त्या गप्प झाल्या.

“होतं,” हिंमतराव म्हणाले.

“म्या तुमच्या पायावर डोकं ठेवलं, तवा?”

“हाव.”

पुंजाजीनं हात धुतले, धोतराला पुसले. आता हा किल्ली ठेवेल, असं हिंमतरावांना वाटलं. खरं तर ठेवली असती तर त्यांची सुटका झाली असती. पण तो म्हणाला, “उद्या बाया धाडले जातीन. परवा मले जीप पाहिजे. पंचफुलाले दुसरबीडले न्यायचं हाय. अन तुम्ही संग या.”

“मी?”

“म्या सांगतलं तं इंद्रभान म्हनन, मालकानं शिकवून पाठवलं. तुम्हीच सांगा त्याले. तुमच्या तोंडानं.”

‘दादा’ म्हणाला नाही तो. हिंमतरावांना ते लागलं, आणि लागायला आपला काही हक्क नाही हेही कळलं.

दुसरबीडची वाट लांबची. पंचफुला पुढं नवऱ्याशेजारी बसली होती, मांडीवर तिळगुळाचं गाठोडं. हिंमतराव मागं बसले होते. तळाच्या उघड्या भोकांतून रस्त्याची धूळ वर येत होती आणि त्यांच्या धोतरावर बसत होती. कोणी बोलत नव्हतं. पण ही पूर्वीची, बुलढाण्याच्या वाटेवरची शांतता नव्हती.

इंद्रभानचं दुकान रस्त्याच्या कडेलाच होतं. जीप थांबली तेव्हा तो गुळाची ढेप फोडत होता. त्यानं बहिणीला पाहिलं, मेहुण्याला पाहिलं, आणि पुन्हा गूळ फोडू लागला. पंचफुला उतरली नाही. पुंजाजी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला.

हिंमतराव उतरले आणि दुकानापाशी गेले.

“काय पाहिजे?” इंद्रभाननं गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

हिंमतरावांनी सांगितलं. वाटेत त्यांनी पुष्कळ जुळवाजुळव केली होती, त्यातलं काही आठवलं नाही. शेण, चटई, खुंट्या, मिस्त्री असं मागचंपुढचं झालं. दुकानात मीठ घ्यायला आलेली एक म्हातारी वाटी हातात धरून सगळं ऐकत उभी राहिली. इंद्रभाननं हातातला बत्ता खाली ठेवला.

“म्हनजे माह्या मिठानं नाई?”

“नाई.”

“हे तुमाले कवा समजलं?”

दिवाळीनंतर, असं सांगता आलं असतं. इंद्रभानला काय कळणार होतं? पुंजाजीनंही तेवढं विचारलं नव्हतं. त्यानं फक्त आपल्या घरच्या भेटीचं विचारलं होतं. जीप दुकानापासून चार हातांवर उभी होती आणि पंचफुलानं मान वळवली होती.

“भाऊबीजेच्या आधी,” हिंमतराव म्हणाले.

इंद्रभान हिंमतरावांना ओलांडून जीपकडे गेला, बहिणीच्या मांडीवरचं गाठोडं उचललं आणि म्हणाला, “उतर. किती उन्हात बसतं?” मग घराकडे तोंड करून हाक मारली, “अवं, ताट कर! निरांजन लाव, ताई आली.” पंचफुला उतरली. तिनं हिंमतरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. चालता चालता भावाच्या दंडावर एक चापट मारली आणि रडू लागली.

कुणी हिंमतरावांना बसा म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. म्हातारीनं त्यांनाच विचारलं, “मीठ देता का बाप्पा?” ते ओशाळून बाजूला झाले.

पुंजाजी उतरून आला. त्याचा चेहरा थकलेला दिसत होता.

“आम्ही राह्यतो इथं चार दिवस,” तो म्हणाला. “तुमाले चालवता येते न? ऊन उतरायच्या आत निघा. चिखलीपर्यंत रस्ता चांगला हाय.” त्यानं किल्ली पुढं केली.

हिंमतरावांनी ती घेतली. “परत येशीन न?”

पुंजाजीनं जीपकडे पाहिलं, नव्या पत्र्याकडे, मग दुकानामागच्या घराकडे. आतून निरांजनाच्या तुपाचा वास येत होता.

“येईन,” तो म्हणाला. “अडलेल्या बायाईसाठी येईन.”

आणि तो आत गेला. हिंमतराव जीपमध्ये बसले. गिअर पडायला वेळ लागला, आणि दुकानातली म्हातारी ते सगळं उभी राहून बघत होती.